घर आणि स्क्रीन : ती मागे का वळली?



या सदरात एरवी आपण ओटीपीची फसवणूक, मुलांचा स्क्रीन टाइम, आजोबांच्या फोनवर आपोआप आलेली नको ती ॲप्स असे विषय घेतो. या वेळचा विषयही स्क्रीनवरचाच आहे, पण सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येईल असा नाही. बायकांवरच्या लैंगिक अत्याचाराचा जाहिरातीत विनोद कसा होतो, याबद्दल लिहितोय. घरात चारचौघांत बोलायला हा विषय अवघड आहे, मान्य. पण मी ज्या जाहिरातीबद्दल बोलणार आहे ती क्रिकेटच्या सामन्यात, दोन षटकांच्या मधे लागायची. म्हणजे घरातले सगळे एकत्र बसलेले असताना. ती यायला संकोचली नाही, तर आपण बोलायला का संकोचायचं?

एक दुकान, चार मुलगे, एक मुलगी

जून २०२२. लेयर शॉट नावाच्या डिओच्या दोन जाहिराती तेव्हा दाखवायला सुरुवात झाली होती. पहिलीत एक तरुणी दुकानात काहीतरी घ्यायला वाकलेली आहे. तिच्या मागे चार तरुण येतात. त्यांचं बोलणं तिच्या कानावर पडतं : आपण चार, ही एकच, मग शॉट कोण घेणार? ती दचकून मागे वळते. चेहऱ्यावर भीती आणि संताप. मग कॅमेरा आपल्याला दाखवतो की ते चौघे फळीवर उरलेल्या शेवटच्या बाटलीबद्दल बोलत होते. बाटलीचं नावच शॉट.

दुसरीत एक मुलगा आणि एक मुलगी खोलीत पलंगावर बसलेले आहेत. मुलाचे तीन मित्र न विचारता आत शिरतात. शॉट मारलास वाटतं, असं एकजण विचारतो. तो हो म्हणतो. मग आता आमची पाळी, असं म्हणत मित्र पुढे येतो आणि ती मुलगी घाबरून आक्रसते. मित्र हात लांब करतो तो डिओच्या बाटलीकडे. मुलीचा जीव भांड्यात पडतो. जाहिरात संपते.

पुढे जे झालं ते तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. लोक खवळले. जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे आस्कीने, चौकशी होईपर्यंत जाहिरात थांबवायला सांगितलं. दिल्ली महिला आयोगाच्या तेव्हाच्या अध्यक्ष स्वाती मालीवाल यांनी पोलिसांना नोटीस दिली. माहिती व प्रसारण मंत्रालयाने ट्विटर आणि यूट्यूबला त्या चित्रफिती काढायला लावल्या. कंपनीने माफी मागितली. आवश्यक त्या सर्व मंजुऱ्या घेऊनच जाहिराती दाखवल्या होत्या, कुणाच्या भावना दुखवायचा हेतू नव्हता, असं निवेदनही दिलं.

प्रकरण चार-पाच दिवसांत मिटलं. आपल्यालाही पुढचं काहीतरी मिळालं. मला मात्र तो विनोद सुटा करून बघावासा वाटतो, कारण तो नेमका कशावर चालतो हे कळलं की तशा दुसऱ्या गोष्टीही ओळखू येतात.

एक ओळ काढून बघा

आमच्या धंद्यात एखादी कोडची ओळ खरंच गरजेची आहे का हे ठरवायचा सोपा उपाय असतो. ती ओळ काढा आणि प्रोग्रॅम चालतो का बघा.

दुकानातल्या जाहिरातीतून ती मुलगी काढा. चार मुलगे, एक बाटली, शॉट कोण घेणार. हसू येतं का? काहीच येत नाही. बरं, मुलगी राहू द्या, पण तिची भीती काढा. ती वळतच नाही, आपलं सामान घेते आणि निघून जाते. तरीही विनोद होत नाही. म्हणजे या जाहिरातीत डिओचा वास, चार मित्र, दुकान, सगळं बदलता येईल. बदलता येणार नाही अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे त्या मुलीच्या चेहऱ्यावरची भीती. आणि ती भीती कशाची आहे हे प्रेक्षकाला एका क्षणात कळावं लागतं. चार पुरुष, एक बाई, पाळी, एवढे शब्द ऐकून बलात्कार हा शब्द प्रेक्षकाच्या मनात आपोआप यायला हवा. न उच्चारता.

म्हणून जाहिरातवाल्यांना ‘तसं काही डोक्यात नव्हतं’ असं म्हणता येत नाही. डोक्यात तेच होतं, कारण त्याशिवाय जाहिरात उभीच राहत नाही. आधी तिला घाबरवायचं, मग तिला सांगायचं की वेडे, आम्ही तुझ्याबद्दल बोलतच नव्हतो. शेवटी मुलगे निर्दोष ठरतात, आणि चूक कुणाची ठरते? तिची. तिने उगाच संशय घेतला.

मुद्दा कपड्यांचा नाही

आपल्या घरांमध्ये जाहिरातीची परीक्षा साधारण एकाच गोष्टीवर होते : अंगावर कपडे किती. समुद्रकिनारा आणि तोकडे कपडे दिसले की रिमोट शोधला जातो. मी लहान असताना आमच्याकडेही तेच व्हायचं, आणि काकांचा रिमोटवरचा हात बुमराच्या यॉर्करपेक्षा वेगवान होता असं मी आजही शपथेवर सांगेन.

पण दुकानातल्या त्या मुलीचे कपडे नीटनेटके होते. आपल्या रिमोटच्या परीक्षेत ती जाहिरात पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झाली असती. १९८६ साली आपल्याकडे स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला बंदी करणारा कायदा झाला. त्यात मानहानी करणाऱ्या चित्रणाचा उल्लेख आहे, पण व्याख्येचा सगळा रोख बाईच्या शरीराच्या चित्रणावर आहे. समाज म्हणूनही आपला रोख तिथेच असतो. अश्लील काय ते आपल्याला लगेच दिसतं. पण पूर्ण कपड्यांतल्या बाईच्या भीतीची थट्टा चाललीय, हे दिसायला वेळ लागतो.

२०११ साली माहिती व प्रसारण मंत्रालयाने डिओच्या अनेक जाहिरातींवर आक्षेप घेतला होता. डिओ मारला की बायका वेड्यासारख्या मागे धावतात, असा त्या जाहिरातींचा ठरीव साचा. ते बाष्कळ होतं, बायकांना बावळट दाखवणारं होतं. पण निदान तिथल्या बायका स्वतः होऊन येत होत्या. अकरा वर्षांत आपण तिथून कुठे आलो बघा. आता बाईला यायचं नाहीये, ती घाबरलीय, आणि तेच विकायला वापरलंय.

हैदराबादकरांसाठी चार हा आकडा

आपल्याला, हैदराबादेत राहणाऱ्यांना, या जाहिरातीतला चार हा आकडा जरा जास्त टोचायला हवा.

नोव्हेंबर २०१९. शमशाबादच्या टोलनाक्याजवळ एका तरुण पशुवैद्यक मुलीची स्कूटर पंक्चर झाली. मदत करतो म्हणून माणसं पुढे आली. तिने बहिणीला फोन केला आणि भीती वाटतेय असं सांगितलं. त्या रात्री तिच्यावर बलात्कार झाला आणि तिला मारून जाळण्यात आलं. आरोपी चार होते. डिसेंबरात ते पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले, आणि ती चकमक खरी होती का याची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाचा अहवाल मे २०२२ मध्ये जाहीर झाला. म्हणजे ही जाहिरात येण्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी ते सगळं प्रकरण पुन्हा वर्तमानपत्रांत होतं.

आणि जाहिरात आली त्याच आठवड्यात ज्युबिली हिल्सची बातमी फुटली. २८ मे २०२२ रोजी सतरा वर्षांच्या मुलीवर गाडीत सामूहिक बलात्कार. पकडलेल्या सहांपैकी पाच आरोपी अल्पवयीन. शाळा-कॉलेजातली, चांगल्या घरातली म्हणतात तशी मुलं. डिओची जाहिरात ज्यांच्यासाठी केलेली असते, बरोबर त्याच वयाची.

जाहिरात बघून त्यांनी ते केलं असं मी अजिबात म्हणत नाही. तारखाच तसं सांगत नाहीत. मी एवढंच म्हणतो की शमशाबादच्या त्या मुलीला भीती वाटली होती, तिने ती बोलूनही दाखवली होती, आणि तिची भीती बरोबर होती. दुकानातली मुलगी मागे वळते ती उगाच नाही. ती अशाच बातम्या वाचत मोठी झालीय. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत २०२२ या एका वर्षात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदले गेले. दिवसाला साधारण ८६. हे फक्त नोंदलेले. एवढं माहीत असणाऱ्या मुलीने दचकून वळणं हा गैरसमज कसा?

किती जणांनी पाहिलं?

जाहिरात गाजली तेव्हा प्रियांका चोप्राने एक प्रश्न विचारला होता : ही जाहिरात मंजूर होईपर्यंत किती पायऱ्या पार झाल्या असतील? मला तो प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटला, कारण तो आमच्या ऑफिसातलाही आहे.

जाहिरात एका माणसाला रात्री सुचली आणि सकाळी टीव्हीवर आली असं होत नाही. कंपनी एजन्सीला काय हवं ते सांगते. एजन्सीत कल्पना निघतात, त्यातल्या काही निवडतात. स्क्रिप्ट लिहितात, प्रसंगांची चित्रं काढतात. कंपनीपुढे सादर करतात. दिग्दर्शक ठरतो, नटनट्या निवडतात. शूटिंगला कॅमेरा, प्रकाश, मेकअप, कपडे असे कितीतरी लोक. मग संकलन, आवाज, पुन्हा कंपनीची मान्यता, मग वाहिनीकडे. या सगळ्या वाटेवर त्या मुलीचं काम करणाऱ्या नटीला कुणीतरी सांगितलं असेल : आता घाबर. अजून थोडी. चेहरा कॅमेऱ्याकडे.

कोड लिहिल्यावर तो दुसऱ्याने तपासायचा, याला आम्ही रिव्ह्यू म्हणतो. चार-पाच जण बघणार असले की गंमत होते. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने नीट बघितलं असेल. शेवटी सगळे ‘ठीक आहे’ म्हणतात आणि कुणीच बघितलेलं नसतं. कंपनी म्हणते मंजुऱ्या घेतल्या होत्या, आणि ते खरंही असेल. तेच जास्त काळजीचं आहे. मंजुरी देणाऱ्यांपैकी कुणालाच खटकलं नाही, किंवा खटकलं आणि बोलायची सोय नव्हती.

हे एकदाच घडलेलं नाही. मार्च २०१३ आठवा. दिल्लीतल्या निर्भया प्रकरणाला तीन महिने झाले होते, देशभर मोर्चे निघाले होते, आणि बलात्काराचा कायदा कडक करणारी दुरुस्ती संसदेत १९ आणि २१ मार्चला मंजूर झाली. त्याच आठवड्यात फोर्ड फिगो गाडीची काही चित्रं इंटरनेटवर फिरू लागली. एका चित्रात इटलीचे माजी पंतप्रधान बर्लुस्कोनी पुढच्या सीटवर हसत बसलेत आणि मागच्या डिकीत हातपाय बांधलेल्या, तोंडात बोळा कोंबलेल्या तीन तरुणी. सांगायचं काय होतं? डिकी मोठी आहे. ही चित्रं फोर्डने मंजूर केलेली नव्हती. जेडब्ल्यूटी इंडिया या नामांकित एजन्सीतल्या लोकांनी ती तयार केली होती आणि जाहिरातींच्या एका संकेतस्थळावर ती टाकली गेली होती. फोर्डने माफी मागितली, एजन्सीच्या मूळ कंपनीने मागितली, काहींच्या नोकऱ्या गेल्या. पण जेव्हा खिडकीबाहेर मोर्चे चालले होते, तेव्हा आत कुणीतरी संगणकावर त्या मुलींच्या हातांना दोऱ्या काढत बसलं होतं.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत २०१५ साली बड लाइट बिअरच्या बाटलीवर ‘नाही’ हा शब्द रात्रीपुरता तुमच्या शब्दकोशातून काढून टाकणारी बिअर, अशा अर्थाचा मजकूर छापला गेला. त्याच वर्षी ब्लूमिंगडेल्स या मोठ्या दुकानाच्या नाताळच्या पुस्तिकेत एक पुरुष एका हसणाऱ्या तरुणीकडे बघतोय आणि वर सल्ला छापलाय : मैत्रिणीचं लक्ष नसताना तिच्या पेयात दारू मिसळा. दोघांनीही माफी मागितली. माफीचा मजकूरही सगळीकडे साधारण सारखाच असतो.

साडेअकराचा मेसेज

मोठ्या जाहिरातींवर निदान गदारोळ होतो. आपल्या फोनवर रोज येणाऱ्या छोट्या जाहिरातींकडे कुणाचं लक्षही जात नाही. त्याबद्दल एक अनुभव सांगतो.

मी पूर्वी एका ऑनलाइन खरेदीच्या कंपनीत होतो. लोक वस्तू निवडतात, पैसे न भरता निघून जातात. त्यांना परत आणण्यासाठी नोटिफिकेशन पाठवतात. एकदा मार्केटिंगकडून नवा मजकूर आला. ग्राहकाचं नाव, आणि पुढे साधारण असं : कितीही पळ, आम्ही तुला शोधून काढणारच. पुढे डोळा मारणारा इमोजी. बैठकीत सगळे हसले. खमंग आहे, लोक उघडतील, असं मत पडलं.

आमच्या टीममधली टेस्टर म्हणाली, “हे रात्री साडेअकराला जाणार आहे. मुलीच्या नावाने. ती एकटी राहत असेल.” कुणीतरी म्हणालं, अगं, मुलांनाही जाणारच आहे, आणि खाली कंपनीचं नाव आहे की. त्यावर ती म्हणाली, “कॉलेजात असताना मला अगदी हेच वाक्य आलं होतं. त्यात फक्त डिस्काउंट नव्हता.”

खोलीत शांतता झाली. मजकूर बदलला. ‘तुमच्या कार्टमध्ये दोन वस्तू शिल्लक आहेत’ एवढंच गेलं. त्यामुळे कंपनी बुडाली वगैरे काही झालं नाही.

एखाद्या बाईचा नकार असताना तिचा पाठलाग करत राहणं हा २०१३ च्या त्याच दुरुस्तीपासून आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा आहे, आता भारतीय न्याय संहितेत त्याचं कलम ७८ आहे. आणि जाहिरातीच्या भाषेत तेच वाक्य ‘खमंग’ ठरतं. बैठकीला आम्ही आठ-नऊ जण होतो. त्या वाक्याकडे ग्राहक म्हणून सगळेच बघत होते, पण बाई म्हणून ते एकटीनेच वाचलं.

‘तुझ्याबद्दलच बोलत होते कशावरून?’

या विषयावर बोलायला लागलं की दोन आक्षेप हमखास येतात. पहिला : अहो, गंमत आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? याचं उत्तर वर येऊन गेलं. विनोद जरूर करावा, पण तो जिच्या भीतीवर चालतो तिला त्या विनोदात हसायला जागा नाही, हे तरी बघावं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जाहिरात बघून कुणी बलात्कार करतं का? नाही करत. मलाही तसं वाटत नाही. पण जाहिरातीचा परिणाम गुन्हा करणाऱ्यावर होतो की नाही एवढंच आपण बघतो. तो ऐकणाऱ्यांवर होतो. म्हणजे तुमच्यावर आणि माझ्यावर.

समजा आपल्याच घरातली मुलगी संध्याकाळी येऊन सांगते : मेट्रोत चार मुलगे मागे उभे होते, काहीबाही बोलत होते, मी पुढच्या स्टेशनला उतरले. घरातून पहिला प्रश्न काय येतो? ‘तुझ्याबद्दलच बोलत होते कशावरून?’ नाहीतर, ‘तुला उगाच वाटलं असेल.’ हे अगदी त्या जाहिरातीचंच शेवटचं दृश्य आहे. तिची भीती म्हणजे गैरसमज, हे आपण आधीच गृहीत धरलेलं असतं. जाहिरात तेच गृहीत जरा चकचकीत करून आपल्यालाच परत विकते. मग पुढच्या वेळी मुलगी सांगत नाही. आपल्याला वाटतं, सगळं ठीक आहे.

बाईची भीती खरी मानायला कायद्यालाही किती वर्षं लागली ते बघा. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. हा मथुरा खटला म्हणून ओळखला जातो. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि सांगितलं की भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये तो निकाल फिरवला. अंगावर जखमा नाहीत, ओरडली नाही, म्हणजे विरोध नव्हता, असा त्या निकालाचा सूर. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायदा-अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर आंदोलन झालं. १९८३ मध्ये कायदा काही प्रमाणात बदलला. पण केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं धरता येणार नाही, हे कलमात स्पष्ट शब्दांत यायला २०१३ उजाडलं. देसाईगंजपासून मोजली तर एकेचाळीस वर्षं.

न्यायालयात ज्या भीतीला जागा मिळायला एकेचाळीस वर्षं लागली, ती दुकानातल्या एका बाटलीसाठी काही सेकंदांत हास्यास्पद ठरवली गेली. माझा राग एवढ्यासाठीच आहे.

आपल्या हातात काय आहे?

या सदराची पद्धत म्हणून आता थोडं कामाचं.

पहिलं म्हणजे, अशी जाहिरात दिसली तर ‘बघा काय दाखवतात’ म्हणून ग्रुपवर पाठवू नका. तुम्ही संतापाने पाठवता की कौतुकाने, हे मोजणाऱ्या यंत्राला कळत नाही. त्याला एवढंच कळतं की अजून चाळीस जणांनी बघितली. काय चुकलं ते शब्दांत लिहा. चित्रफीत नको.

दुसरं, तक्रार करा. आस्की ही जाहिरात उद्योगाने १९८५ मध्ये स्वतःसाठी उभी केलेली संस्था आहे. तिच्याकडे कुणीही सामान्य माणूस फुकट तक्रार करू शकतो, तिच्या संकेतस्थळावरून किंवा व्हॉट्सॲपवरून. जाहिरात कशाची, कुठे आणि कधी पाहिली, काय खटकलं, एवढं लागतं. टीव्हीवरच्या जाहिरातींना केबल टेलिव्हिजनचे १९९४ चे नियमही लागू होतात. योगायोग असा की त्याच जून २०२२ मध्ये आस्कीने स्त्री-पुरुषांच्या साचेबंद चित्रणाविरुद्ध नवी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. म्हणजे तक्रारीला आधार आहे. तक्रार ‘अश्लील आहे’ एवढ्यावर थांबवू नका. ‘यात लैंगिक अत्याचाराच्या भीतीचा विनोद केला आहे’ असं स्पष्ट लिहा.

तिसरं, फोनचं सेटिंग. एका वाचक काकूंनी विचारलं होतं की मुलाच्या फोनवर अशा जाहिराती येऊच नयेत असं करता येतं का. गूगलच्या ‘माय ॲड सेंटर’मध्ये दारू, जुगार, डेटिंग, वजन घटवणं आणि गर्भारपण-पालकत्व या विषयांच्या जाहिराती कमी करता येतात. एखादी जाहिरात बंद करता येते, तिची तक्रारही करता येते. पण बाईच्या भीतीची थट्टा असा पर्याय त्या यादीत नाही. डिओची जाहिरात ही यंत्राच्या लेखी डिओचीच जाहिरात. काकू, तेवढं काम आपल्यालाच करावं लागेल.

आणि चौथं म्हणजे बोलणं. आपण मुलींना भरपूर सांगतो. उशीर करू नकोस, कॅबचं लोकेशन पाठव, शी टीमचा नंबर ठेव. आपल्या शहरात २०१४ पासून साध्या वेशात फिरणाऱ्या या पोलीस पथकांनी कितीतरी मुलींना धीर दिला, ते चांगलंच आहे. पण मुलांना आपण या विषयावर काय सांगतो? बहुतेक घरांत काहीच नाही. चौदा-पंधराच्या मुलाला समोर बसवून भाषण दिलं तर तो पहिल्या वाक्याला हेडफोन लावेल. त्यापेक्षा जाहिरात लागली असताना, बाकी काही न सांगता, एक प्रश्न विचारा.

‘ती मुलगी मागे का वळली असेल रे?’

तो खांदे उडवेल. कदाचित म्हणेल, तिला वाटलं ते तिच्याबद्दल बोलतायत. मग विचारा, तिला तसं का वाटलं? आणि थांबा. उत्तर तुम्ही देऊ नका. घरात ताई असेल, वहिनी असेल, आई असेल, तर तिला सांगू द्या. रात्री रिक्षात बसल्यावर फोनवर कुणाशी तरी बोलत असल्याचं नाटक का करावं लागतं, किल्ली बोटांच्या मधे का धरतात, जिन्यात मागून पावलं ऐकू आली की वेग का वाढतो. त्या घरात इतकी वर्षं राहूनही हे त्याला माहीत नसतं, कारण कुणी सांगितलेलं नसतं. आणि बऱ्याचदा बाबांनाही माहीत नसतं, तेव्हा त्यांनीही ऐकायला बसायला हरकत नाही.

तुमच्या घरी हा प्रश्न विचारून बघा आणि काय उत्तर आलं ते कळवा. नावं न छापता त्यातली काही पुढच्या अंकात घेऊ.